मामांच्या पिकअपचा एसी

दिलेला शब्द पाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण ऐकलेला शब्द पाळणारा माणूस सबंध नाशिक जिल्ह्यात एकच आहे, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. त्यांच्या कानात शब्द शिरला की तो थेट हातात उतरतो, मधे डोक्यात थांबत नाही, असं माझी बायको म्हणते. भाचीला असं बोलायचा अधिकार आहे. जावयाला नाही, म्हणून मी नुसतं लिहितो. आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी कार्यालयाच्या दारात मामांचे दोन्ही हात धरून "आपलंच घर समजा" असं म्हटलं. मामांनी समजलं. हात धुवायला गेले तर तिथला नळ ठिबकत होता. मामांनी गच्चीवर जाऊन टाकीचा मुख्य कॉक बंद केला, लग्नाच्या कोटाच्या खिशातून पाना काढला आणि नळ उघडून वायसर बदलायला बसले. इकडे पहिली पंगत बसलेली, जिलबीवर मठ्ठा आलेला आणि पाण्याचा पत्ता नाही. आचारी व्यवस्थापकावर, व्यवस्थापक माझ्या वडिलांवर आणि माझे वडील माझ्यावर डाफरत होते. अर्ध्या तासाने पाणी आलं आणि मामा हात पुसत पंगतीत येऊन बसले. "कोणाचं घर असं ठिबकत ठेवलंय?" असं त्यांनी माझ्या वडिलांनाच विचारलं. तो नळ नंतर आजतागायत ठिबकलेला नाही म्हणतात.

मामा मूळचे देवळ्याकडचे. कांद्याची शेती थोरल्या भावाकडे सोपवून एकोणिसाव्या वर्षी नाशिकला आले आणि अंबडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाले. निवृत्त झाले म्हणजे कारखान्यात जायचे थांबले, एवढंच. निळा शर्ट अजून रोज इस्त्री करून घालतात आणि खिशात पेनाच्या जागी व्हर्निअर असतो. ह्या व्हर्निअरने ते जगाचं माप घेतात. इंदिरानगरच्या भाजीवाल्या बाईंना पहिल्यांदा वाटलं की वजनमापाचे साहेब आले, आणि त्यांनी घाबरून दोन काकड्या जास्तीच्या टाकल्या. मामांना फक्त काकडीची जाडी बघायची होती, कारण मामींनी "जाड आणू नका" म्हणून सांगितलं होतं आणि जाड म्हणजे किती ते सांगितलं नव्हतं. घराच्या मागच्या पडवीत लोणच्याच्या बरण्या ओळीने मांडलेल्या आहेत. त्यांत लोणचं सोडून सगळं आहे. प्रत्येक बरणीवर मामांच्या हस्ताक्षरात चिठ्ठी: 'मोटरचे', 'देवळ्याच्या पंपाचे', 'पाटणकरांच्या गेटचे', आणि सगळ्यांत मोठ्या बरणीवर 'कशाचे तरी'. माझ्या चष्म्याचा स्क्रू हरवला तेव्हा त्या शेवटच्या बरणीतूनच मामांनी दोन मिनिटांत दुसरा काढून दिला. तो मूळच्या स्क्रूपेक्षा चांगला बसला आहे.

मामी इगतपुरीच्या. वडील रेल्वेत होते. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात वाढलेल्या ह्या बाईचा जीव बंद जागेत घुसमटतो. त्यांना गाडी लागते. एसटी लागते, रिक्षा लागते, आणि मुलाने पुण्यात नवी कोरी मोटार घेतली तेव्हा पेढा तोंडात घालायच्या आधीच त्या तिच्यातून उतरून रस्त्याच्या कठड्यावर डोकं धरून बसल्या होत्या. फक्त एका वाहनात त्यांना कधी लागलं नाही, ते म्हणजे मामांची पिकअप. पंचवीस वर्षांची ही गाडी देवळ्याहून कांदा वाहून वाहून म्हातारी झाली होती. भावाने नवी घेतल्यावर ती भंगारात निघाली, तेव्हा मामा जाऊन तिला चालवत इंदिरानगरला घेऊन आले. पुढे तिघांची एक सलग सीट, काचा अर्ध्यावर अडकणाऱ्या, दारांच्या फटींतून बोट जाईल आणि चालायला लागली की चहूकडून वारा. मामी खिडकीशी बसून देवळ्यापर्यंत गाणी म्हणत जायच्या. त्यांना ह्याच गाडीत का लागत नाही, ह्याचं कारण मामांनी टेपने मोजून काढलं होतं. "सीटची उंची हो, जावईबापू. साडेतेवीस इंच. तिच्या गुडघ्याला बरोबर बसती. बाकीच्या गाड्यांचं मापच चुकलंय." मी मान डोलावली. पस्तीस वर्षं मापात घालवलेल्या माणसाशी मापावर कोण वाद घालणार.

मग नात झाली आणि मामी दोन महिन्यांसाठी पुण्याला गेल्या. निघताना दारात चपला घालताना म्हणाल्या, "दूध बंद करू नका, मी येतेच आहे." झालं. दोन महिन्यांचे सहा झाले, सहाचे बारा झाले, पण मामांनी रोजचं लिटरभर दूध बंद केलं नाही. एकट्याच्या चहाला ते कितीसं खपणार? उरलेल्याचं दही. दही त्यांनी जन्मात लावलं नव्हतं. म्हणून थर्मामीटर घेऊन दूध बरोबर चाळीस अंशाला आणायचं आणि विरजण घालायचं. असं दही की सुरीने कापावं. दह्याचं ताक, ताकाचं लोणी, लोण्याचं तूप. आमच्या घरी तूप, शेजारच्या तीन घरी तूप, मारुतीच्या देवळात निरांजनाला तूप. माझं वजन वाढायला लागलं तेव्हा मी एकदा म्हटलं, मामा, दूध निम्मं करा की. ते माझ्याकडे, मी काही वावगं बोललो असल्यासारखं बघत राहिले. "ती येतेच हाय म्हणाली ना. आली आन् घरात दूध नसलं तर?" मी तुपाची बरणी घेऊन घरी आलो.

नात वर्षाची होऊन पाळणाघरात जायला लागली आणि मामी मोकळ्या झाल्या. मामांचा त्यांना रोज सकाळी आठ वाजता फोन असतो. त्या दिवशी त्यांनी विचारलं, कधी येतेस. मामी काय म्हणाल्या ते मामांनी लगेच मला फोन करून शब्दशः सांगितलं, कारण ते नेहमी शब्दशःच सांगतात. मामी म्हणाल्या होत्या, "यायचंय हो मला. इथं दिवसरात्र एसी चालू असतो, आणि मला एसी लागतो. तुम्ही आणायला या." मी हसलो आणि म्हणालो, "मामींना पुण्याची हवा लागली म्हणायची." मी शाळेत मराठी शिकवतो, हे इथेच सांगून टाकतो, नंतर सांगायला लाज वाटेल.

मामा हसले नाहीत. बायकोला आता एसीशिवाय चालत नाही, एवढं त्यांना समजलं होतं, आणि हात कामाला लागले होते. दुसऱ्या दिवशी झोपायच्या खोलीत एसी आला. एक माणूस भिंतीला भोक पाडून तो तासाभरात बसवून गेला, त्यात मामांना काही राम वाटला नाही. खरा प्रश्न होता मामींना आणायचं कशातून. दुसरी कुठलीही गाडी तिला लागणार. पिकअप लागत नाही, पण पिकअपमध्ये एसी नाही. तेव्हा पिकअपमध्येच एसी बसवायचा. मुलाला सांगितलं, तू आणू नको, मी आणतो. मामींना फोनवर एवढंच सांगितलं की गाडीचं काम काढलंय, झालं की लगेच येतो. कसलं काम ते सांगायचं नाही, गाडीत बसल्यावरच तिला कळू दे, असं आम्हा नवराबायकोलाही बजावलं. आम्ही कबूल झालो आणि इमानदारीने गप्प राहिलो. काम दोन महिन्यांचं आहे असं मामा म्हणत होते. मामीही दोनच महिन्यांसाठी गेल्या होत्या.

ज्या काळातली ती पिकअप, त्या काळचा एसी आता कुणी करत नाही, आणि तो ज्या गॅसवर चालायचा तो गॅसही मिळत नाही. दोन मेकॅनिकांनी गाडीकडे एकदा आणि मामांकडे एकदा बघून त्यांना चहा पाजला आणि घरी पाठवलं. मग मामांनी ठरवलं की सामान नव्या गाड्यांचं घ्यायचं आणि जुन्या गाडीला समजावून सांगायचं. कंप्रेसर मालेगावच्या भंगारातून आला, एका चेपलेल्या नव्या मोटारीतला. कंडेन्सर दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचा, आणि गार हवा देणारी कॉइल तिसरीच कुठली तरी. तिघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, एकाचा पाइप दुसऱ्यात जात नाही, आणि कंप्रेसर ठेवायला इंजिनावर जागाच नाही. मामांनी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ब्रॅकेटचा नमुना केला, मग तो लोखंडात उतरवला. पहिला ब्रॅकेट असा थरथरला की बॉनेटच्या आत कुणी धान्य भरडतंय असं वाटावं. दुसऱ्या ब्रॅकेटने पट्टा उडवला, आणि तो पट्टा कंपाउंडवरून जाऊन शेजारच्या बाईंनी वाळत घातलेल्या कुरडयांत पडला. पुली तीन मिलिमीटर बाहेर होती, असं मामांनी त्या बाईंना व्हर्निअर दाखवून समजावलं. बाईंनी त्यांना उरलेल्या कुरडया आणि कानउघाडणी असं दोन्ही दिलं. तिसरा ब्रॅकेट दीड महिन्याने झाला आणि तोच आज आहे.

मी दर रविवारी जात असे. शाळामास्तराचा टूलरूमवाल्याला उपयोग काय? धर म्हटलं की धरायचं आणि सोड म्हटलं की सोडायचं. कंडेन्सरसमोरचा पंखा बसला त्या दिवशी मला त्यांनी "समोर उभं राहा आन् वारा आत ओढतोय का बघा" असं सांगितलं. वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. पंख्याने आत ओढायच्या ऐवजी बाहेर ढकललं, आणि पंचवीस वर्षांची धूळ कांद्याच्या टरफलांसकट माझ्या धुतलेल्या सदऱ्यावर आली. मामा म्हणाले, "म्हणजे जोर चांगला हाय." पाइप धुण्यात तीन रविवार गेले. भंगारातून आणलेल्या एका जुन्या एसीचे दोन पाइप मामांना वापरायचे होते, आणि त्यांत जुन्या तेलाचा थेंबही उरून चालत नव्हतं. का, असं मी विचारलं. "नवा गॅस म्हणजे नवी सून हाय. आधीच्या सासूचं तेल निघाल्याबगर नांदत नाय." गळती बघायला सांध्यांवर फेस लावतात, मामांनी त्यासाठी आपला दाढीचा ब्रश घेतला, आणि एक फुगा दिसला म्हणून त्याच पावली पाइपाची रबरी रिंग आणायला गेले. दुकानदाराने मला नंतर सांगितलं की साहेबांची एका गालाची दाढी राहिली होती.

गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दारांच्या फटी बुजवल्या, काचांना नवं रबर लावलं, पायाखालची भोकं पत्र्याने बंद केली. कुठून हवा जाते ते कळावं म्हणून भर मे महिन्यात त्यांनी मला काचा लावून आत बसवलं आणि हातात पेटलेली उदबत्ती दिली. धूर ज्या बाजूला जाईल तिकडे बोट दाखवायचं. वीस मिनिटं मी आत बसलो होतो. घामाने निथळत, डोळे चुरचुरत, धुरात. येणारीजाणारी माणसं थांबून बघत होती, आणि एका आजीबाईंनी हात जोडले. शेवटी धूर जागच्या जागी उभा राहिला तेव्हा मामांचा चेहरा असा उजळला की मलाही घामाचं काही वाटेना.

गाडीखाली आडवे झाले की मामा बोलायचे. एरवी ते विचारल्याशिवाय स्वतःबद्दल अक्षर काढत नाहीत; पण तोंड दिसत नसलं, नुसते पाय बाहेर असले, की जीभ सुटायची. "घरात आवाजच नाय हो," ते एकदा खालून म्हणाले. "स्वतः बरणी ठेवली तरी दचकायला व्हतं." दुसऱ्यांदा म्हणाले की झोपायच्या खोलीतला एसी त्यांनी अजून लावून बघितलेला नाही, वरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही, कारण तो त्यांच्यासाठी नाही. मी पाना हातात धरून उभा होतो. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि काम संपलं होतं तरी मी आणखी तासभर थांबलो. मामी रोज सकाळी फोनवर विचारायच्या, गाडी झाली का. मामा सांगायचे, ब्रॅकेट राहिला, पाइप राहिला, गॅस भरायचा राहिला. त्या "बरं" म्हणायच्या. "नुसतं बरं म्हणती," मामा मला म्हणाले. "घाई नाय तिला. तिकडं एसी हाय ना."

आणि एका मार्चमध्ये एसी चालू झाला. मामांनी जाळीसमोर थर्मामीटर धरला. बाहेर अडतीस, आत नऊ. त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला आणि अहिराणीत, म्हणजे लहानपणच्या भाषेत, "चाल माय, चाल" असं काहीतरी पुटपुटले. पुढच्याच रविवारी आम्ही पुण्याला गेलो. मी बरोबर, कारण बायकोने सांगितलं होतं की मामांना एकटं जाऊ देऊ नका.

मामी बॅग भरून दाराशीच बसल्या होत्या. नातीचा पापा घेतला, सुनेला डब्यांचं सांगितलं आणि आमच्या आधी खाली उतरल्या. पिकअप दिसल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला की मला आजही तो डोळ्यांपुढे दिसतो. त्या खिडकीशी, मी मधे गिअरची दांडी गुडघ्यांत घेऊन, आणि मामा स्टिअरिंगला. चाकण सुटल्यावर मामांनी कळ दाबली. गार हवेचा झोत आला. मामी दचकल्या, जाळीकडे बघितलं, मामांकडे बघितलं. पदर डोक्यावरून घेतला, मग नाकावर घेतला. मंचरला त्यांनी डोळे मिटले. "झोप लागली बघा," मामा माझ्या कानात म्हणाले, आणि तिची झोप मोडू नये म्हणून गिअरसुद्धा हळू बदलायला लागले. आळेफाट्याला मामींनी चहा घेतला नाही. चंदनापुरीच्या घाटात माझ्याकडे लिंबू मागितलं, ते माझ्याकडे नव्हतं. संगमनेरच्या पुढे त्यांनी डॅशबोर्डवर दोनदा हात आपटला. मामांनी गाडी बाजूला घेतली, मामी उतरल्या आणि रस्त्याकडेच्या बाभळीला धरून ओकल्या.

मामा पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभे राहिले. चूळ भरून झाल्यावर मामी दगडावर बसल्या तेव्हा ते म्हणाले, "ह्या गाडीत तुला कधी लागलं नव्हतं."

"ह्या गाडीत एसी कधी नव्हता," मामी म्हणाल्या. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला फोनवर, मला एसी लागतो म्हणून."

"म्हणून तर बसवला."

लागणे हे क्रियापद मी दरवर्षी नववीच्या मुलांना शिकवतो. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, विहिरीला पाणी लागतं, पोराला नोकरी लागते. चष्मा लागतो म्हणजे तो हवा असतो. गाडी लागते म्हणजे ती नको असते. एकाच शब्दात हवं आणि नको दोन्ही कसं मावतं बघा, असं मी वर्गात सांगतो आणि मुलं हसतात. मामींना जन्मभर गाड्या जशा लागत आल्या, तसा तो पुण्याचा एसी लागत होता. डोकं धरत होतं, अन्न वर येत होतं, आणि म्हणून त्या म्हणत होत्या की मला इथून न्या. मामांनी ऐकलं ते चष्म्यासारखं. आणि मी, ज्याला पगार ह्याच कामाचा मिळतो, पुण्याची हवा लागली म्हणून हसलो होतो. त्या बाभळीखाली मला खरोखर तोंड लपवावंसं वाटलं.

मामींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे पाहिलं. "हेच का ते काम?" त्यांनी विचारलं. मामांनी मान हलवली. "मला वाटलं इंजिन उतरवलंय. रोज विचारत होते, गाडी झाली का. पोरगा म्हणत होता मी सोडतो, एसटीही होती. पण तुम्ही आणायला येतो म्हणाला होतात. तुमच्या शब्दावर बसून राहिले. तुम्ही यायच्या आधी मी कशी येऊ?" आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "वर्ष झालं असेल."

"चौदा महिने," मामा म्हणाले. "चौदा महिने आन् नऊ दिवस."

मग ते वळले, सीटमागून पाना काढला आणि बॉनेट उघडलं. मी जवळ गेलो तर ते कंप्रेसरचा पट्टा सैल करत होते. मामा, राहू द्या, मी म्हटलं, पण ते ऐकत नव्हते. डोळ्यांतून पाणी येत होतं ते ते पुसतही नव्हते, कारण दोन्ही हात कामात होते. तेवढ्यात मामी आल्या. त्यांनी ब्रॅकेट बघितला, वेगवेगळ्या जाडीचे ते पाइप बघितले, आणि नवऱ्याच्या हातातून पाना काढून घेतला. "काढू नका. एवढं केलंय तर चालू राहू दे," त्या म्हणाल्या. "खिडकी तेवढी उघडा." काच नव्या रबरात अशी घट्ट बसली होती की मामांना चाकूने रबर कापावं लागलं. मग सिन्नर, मोहदरीचा घाट, नाशिक, असे आम्ही एसी चालू ठेवून आणि दोन्ही काचा खाली घेऊन आलो. माझे गुडघे गारठत होते आणि कान भाजत होते. मामी खिडकीबाहेर तोंड करून बसल्या होत्या, आणि सिन्नरनंतर त्यांनी हळूच गुणगुणायला सुरुवात केली.

त्या अडीच महिने राहिल्या. लिटरभर दूध त्या अडीच महिन्यांत पुरेना झालं. जूनमध्ये सुनेला पुन्हा दिवस असल्याचं कळलं, डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं, आणि मामी पुन्हा गेल्या. ह्या वेळी दोन महिने असं कुणी म्हटलं नाही. आता तिथं थोरलीची शाळा आहे, धाकटा रांगतो आहे, आणि त्या बाईंना श्वास घ्यायला फुरसत नाही. मोकळे असे त्यांना चौदा महिने मिळाले होते. ते गाडीच्या कामात गेले. मामांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण पडवीत नव्या कुठल्याही कामाला त्यांनी हात लावलेला नाही, आणि झोपायच्या खोलीतल्या एसीवरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे.

त्यांच्यात फरक पडला तो एवढाच की आता ते ऐकलेल्या शब्दावर लगेच चालत नाहीत. सकाळच्या फोनवर मामी जे बोलतात त्यातलं शंका येणारं वाक्य ते वहीत उतरवतात आणि संध्याकाळी माझ्याकडे घेऊन येतात. "'तुमचं काय, मजा आहे' म्हणाली. हे कौतुक धरायचं का टोमणा?" टोमणा, मामा, असं मी सांगतो. मग ते पेन्सिलीने पुढे 'टोमणा' लिहितात. "'बघू' म्हणाली. म्हंजे हो का नाय?" बहुतेक नाही. 'बहुतेक नाही' असं लिहितात. माझी बायको आतून हसते. मी हसत नाही, मी आता प्रत्येक वाक्याला नीट विचार करून उत्तर देतो. वीस वर्षं शिकवतोय, पण इतकं मन लावून शब्दांकडे बघणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

गेल्या रविवारी ते सकाळी नऊलाच आले. वही उघडून माझ्यापुढे ठेवली. एकच ओळ होती, आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारलेली होती: 'इथं करमत नाही.'

"ह्याचे किती अर्थ व्हतात?" त्यांनी विचारलं.

"एकच, मामा."

"नीट बघा. घाई नाय."

मी नीट बघितलं. "एकच. ह्याला दुसरा अर्थ नाही."

त्यांनी वही मिटली. "मला बी नाय करमत," ते म्हणाले. "पण तसं तिनं कधी ईचारलं नाय, म्हणून मी सांगितलं नाय."

मी म्हटलं, मग आता सांगा की, लावा फोन. मी माझाच फोन पुढे केला. त्यांनी तो हाताने मागे सारला आणि उठून पायात चपला घातल्या.

"फोनवर नको, जावईबापू. फोनवर चुकतं."

खाली पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला. पुण्याला पोचायला तिला पाच तास लागतात आणि यायला पाच; मामींना निघता येणार नव्हतं, मुलाच्या लहानशा घरात मामांना राहायला जागा नव्हती. तेवढं एक वाक्य तोंडाने सांगायला ते गेले आणि संध्याकाळी परत आले.